बदली कामगार

कुडाळकडे आमच्या घरी भाजीचा खरा हंगाम थंडीतला. भातकापणी झाली, मळणी उरकली, की दिवाळीनंतर घराजवळच्या कुणग्यांत वाफे पडायचे. लाल माठ, मुळा, वांगी, मिरच्या आणि बांधाच्या कडेने वाल. विहिरीवरून रहाटाने पाणी ओढायचं आणि सकाळ-संध्याकाळ शिंपायचं. थंडी म्हणजे तरी काय, पहाटे अंगणात शेकोटी करावीशी वाटेल एवढीच. त्यामुळे नोव्हेंबर लागला की माझं लक्ष अजूनही आपसूक मातीकडे जातं. आणि गेली तीसेक वर्षं मी राहते त्या मिनेसोटात नेमकी तेव्हाच माती गोठायला लागते. गोठते म्हणजे वरवर नव्हे. आमच्या भागात बांधकामाच्या नियमाने घराचा पाया किमान साडेतीन फूट खोल घ्यावा लागतो, राज्याच्या उत्तरेकडे पाच फूट. पाया त्याहून उथळ राहिला तर गोठून फुगलेली जमीन घरच उचलते. अशा जमिनीत कुदळ मारायचा प्रश्नच येत नाही. एप्रिलपर्यंत परसू नुसतं खिडकीतून बघायचं.

नोकरी होती तोवर याचं काही वाटलं नाही. मी इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. डिसेंबरात अंधारात घर सोडायचं आणि अंधारातच परत यायचं; मधला दिवस मायक्रोस्कोपपाशी. बाहेर हिवाळा चालू आहे हे गाडीची काच खरवडताना कळायचं, तेवढंच. निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा मात्र अख्खा माझ्या वाट्याला आला. सल्ले भरपूर मिळाले. विणकाम कर, मालिका बघ, मॉलमध्ये चालायला जा. हा शेवटचा सल्ला इथे कुणी थट्टेने देत नाही. अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त, आतून तापवलेला मॉल, साउथडेल, १९५६ साली मिनियापोलिसला लागून असलेल्या ईडायना गावात उघडला. शहराच्या मध्यभागी इमारतींना जोडणारे काचेचे पूल १९६२ पासून बांधत आले आहेत. कोट न घालता मैलोगणती चालता येतं. त्याही आधी, १९१५ साली, सेंट पॉलच्या कोमो पार्कात मोठं काचघर उभं राहिलं. बाहेर उणे वीस असताना आत ताडामाडांखाली दमट हवेत उभं राहता येतं, आणि प्रवेश फुकट. पहिल्या त्या हिवाळ्यात मी तिथे वारंवार जाई. आत शिरताक्षणी चष्म्यावर धुकं धरायचं आणि ओल्या मातीचा वास यायचा. पण तिथे मी पाहुणी. कुंडी हलवायची नाही, पान खुडायचं नाही.

विणकामही करून पाहिलं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते उद्यावर टाकता येतं. मला सवय निराळ्या कामाची. नळीतलं रक्त तुमच्यासाठी थांबत नाही. वेळेत हाताळलं नाही तर नमुना वाया जातो आणि पेशंटला पुन्हा सुई खावी लागते. तुम्ही गेला नाहीत तर काहीतरी बिघडेल, असं काम अंगावर असलं की माणूस सकाळी उठतो. हिवाळ्यात घरात बसून वेळ घालवायला मदत करणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या, अशी एकही नव्हती. ती मला तळघरात मिळाली.

माझे वडील परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर दिवसभर काम, आला तर घरी परत. १९८२ च्या संपानंतर ते गावी आले आणि त्यांनी मळा धरला. आईने आधीपासून जे थोडंफार केलं होतं, ते त्यांनी वाढवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत गेले की त्यांच्यामागून शिंपत फिरायचे. पुढे इथल्या तळघरात दिवे टांगताना मला त्यांची आठवण झाली, कारण मीही बदलीवरच लागले होते. गावच्या मळ्यात आम्ही पेरायचो आणि शिंपायचो. बाकीची सगळी कामं करणारे कायमचे कामगार दुसरेच होते. ऊन, वारा, पाऊस, माशा, गांडुळं. ते बिनपगारी आणि न सांगता यायचे, म्हणून ते काम करतात हेसुद्धा कधी मनात आलं नाही. इथे नोव्हेंबर ते एप्रिल ते सगळे गैरहजर. त्यांच्या जागी एकटी मी.

पहिली बदली उन्हाची, आणि तीच सगळ्यांत अवघड. २१ डिसेंबरच्या सुमाराला इथला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. कुडाळला तेव्हाही अकरा तासांच्या वर. पण तासांपेक्षा सूर्याची उंची महत्त्वाची. भर दुपारी इथला सूर्य क्षितिजापासून साधारण २२ अंशांवर असतो, कुडाळला ५० अंशांवर. म्हणजे दक्षिणेची खिडकी कितीही मोठी असली तरी आत येणारं ऊन तिरकं, पातळ आणि थोडाच वेळ. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, कारण बुबुळं जुळवून घेतात. रोपाला तशी सोय नाही. खिडकीत ठेवलेली मिरची आठवड्यात लांबुळकी होऊन काचेकडे वाकते, देठ दोऱ्यासारखा बारीक.

म्हणून तळघरात लोखंडी मांडणी, तिला साखळीने टांगलेले चार फुटी एलईडी दिवे. गॅरेजमध्ये लावतात तेच, साधे पांढरे. रोपांसाठी म्हणून जांभळे दिवे विकतात, ते मला पटले नाहीत. त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हेच कळत नाही, आणि रंग बघून निदान करण्यात माझा जन्म गेला. दिवा रोपाच्या डोक्यावर दोन-तीन इंचांवरच हवा. रोप वाढेल तशी साखळीची एकेक कडी वर. सकाळी ६ ला लागतात, रात्री १० ला विझतात. टायमर आहे, पण कडी चढवणारा टायमर अजून निघालेला नाही, त्यामुळे रोज खाली जावंच लागतं. विजेचं बिल महिन्याला दहा-बारा डॉलरने वाढतं. त्या पैशांत इंडियन ग्रोसरीतून कोथिंबिरीच्या कितीतरी जुड्या येतील, हे नवऱ्याने मला दरवर्षी सांगितलं आहे. खरंच आहे. पैसे वाचवायला हे कुणी करू नये.

याच उजेडात मी सकाळचा चहा घेते. हिवाळ्यात उदास होणाऱ्या माणसांच्या आजाराचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केलं. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत आलेले. त्यावर सकाळी दहा हजार लक्सचा दिवा समोर ठेवून बसण्याचा उपचार असतो. माझे दिवे त्या ताकदीचे नाहीत आणि औषध म्हणून मी त्यांच्याकडे बघतही नाही. चहा तिथे घेते, कारण त्या वेळी सगळी रोपं नीट दिसतात.

वाऱ्याचं काम टेबलफॅन करतो. लोकांना हे खर्चाचं नाटक वाटतं. "गो, झाडाक वारो होयो," असं बाबा म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, उकडतं म्हणून. तळघरात कळलं की हलल्याशिवाय देठ जाड होत नाही. बंद हवेत वाढवलेलं वांग्याचं रोप दिसायला उंच, हिरवंगार, आणि बाहेर पहिल्या झुळकीला आडवं. पंखा नसेल तर दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून नुसता हात फिरवला तरी चालतं, रोपं बुटकी आणि दणकट होतात. शिवाय वारा वाहता असला की मातीचा पृष्ठभाग सुकत राहतो. नाहीतर पिथियमसारख्या बुरशा आहेतच. संध्याकाळी ताठ असलेली रोपं सकाळी जमिनीलगत पिचून कोलमडलेली. एकदा लागलं की ट्रे गेला. त्यामुळे ट्रे धुऊन घेणं आणि पाणी वरून न घालता खालच्या ताटलीतून पिऊ देणं, या दोन गोष्टींत मी सूट देत नाही. लॅबची शिस्त इथे आयती कामाला आली.

पाणी मात्र नळाचं चालत नाही. आमच्याकडे विहिरीचं जड पाणी येतं, ते मऊ करायला घरात मिठाचं यंत्र आहे आणि त्यातून उतरलेला सोडियम कुंड्यांना सोसत नाही. यंत्राच्या आधीचा एक नळ आहे, नाहीतर बाहेर पडलेला बर्फ आहे. मागच्या अंगणातला स्वच्छ बर्फ बादलीत भरून आणायचा, रस्त्याकडेचा नाही, त्यात मीठ असतं. ताजा भुसभुशीत बर्फ बादलीभर आणला तर वितळून तांब्याभर पाणी होतं. ते रात्रभर घरात ठेवायचं, मगच घालायचं.

माशांची बदली करताना हसू येतं. हिवाळ्यात घरात आणलेल्या मिरचीला जानेवारीत फुलं आली तर परागीभवन कोण करणार? मी जुना विजेवरचा टूथब्रश ठेवला आहे. फुलाच्या देठाला टेकवला की थरथरून पराग झडतात. फूल स्वपरागी असतं, त्याला फक्त हलवणारं कुणी हवं. "अगं, निदान माझा तरी वेगळा ठेव," एवढंच नवरा म्हणाला.

नको ती चिलटं मात्र हजर असतात. ओल्या कुंडीत अंडी घालणारी, बारीक काळी, चहाच्या कपात पडणारी. पिवळ्या चिकट पट्ट्यांवर मोठी सापडतात; खरा बंदोबस्त अळ्यांचा. त्यासाठी डासांच्या डबक्यात टाकतात त्या वड्या मिळतात. आत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्राएलेन्सिस हा प्रकार. वडी पाण्यात भिजवून तेच पाणी कुंड्यांना घालायचं. आयुष्यभर जिवाणूंना शोधून त्यांची नावं डॉक्टरांना कळवली. आता एकाला कामाला लावलाय.

आईला फोनवर हे सगळं दाखवते. तिला दिव्यांचं काही वाटलं नाही, पंख्याचंही नाही. पण मातीची पिशवी बघून तिने विचारलं, "माती इकत घेतंस?" त्या पिशवीत माती नसतेच, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. दलदलीतला कुजका शेवाळ, म्हणजे पीट, आणि तापवून लाह्यांसारखा फुलवलेला ज्वालामुखीचा काचखडा, पर्लाइट. खरी माती कुंडीत घट्ट बसते, पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात. गांडुळं नसली की माती पोकळ ठेवायचं कामही असं उसन्या मालाने करावं लागतं.

आता पिकतं काय, ते सांगते. सगळ्यांत खात्रीची मेथी. किराणातल्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून उथळ ट्रेमध्ये दाट पेरली की दोनेक आठवड्यांत कापायला येते, अजून खरी पानं फुटतात न फुटतात तोवर. मुंबईत समुद्रकाठच्या वाळूत करतात आणि चिमुकल्या जुड्या बांधून विकतात ती समुद्रमेथी, जवळजवळ तीच. मुळं कापून टाकायची, लसणाची फोडणी द्यायची. तळघर १७-१८ अंशांवर असतं, मेथी-कोथिंबिरीला तेवढं बरं वाटतं. धणे मात्र किराणातले उगवतीलच असं नाही. बियाण्याचे घ्यावेत आणि पेरण्याआधी हलकेच रगडून दोन दळं वेगळी करावीत. टोमॅटोच्या नादी हिवाळ्यात लागू नये. एवढ्या दिव्यांवर जे टोमॅटो येतात ते खाण्यापेक्षा फोटोला बरे.

कढीपत्त्याची गोष्ट वेगळी आहे. इथल्या मराठी, तमिळ, तेलुगू कुठल्याही घरात शिरा, खिडकीपाशी एक कढीपत्त्याचं रोप असतं आणि त्याच्याबद्दल काळजीच्या सुरात बोललं जातं. रोप मिळणंही सोपं नाही. या झाडावर बसणारी एक बारीक कीड लिंबू-संत्र्यांच्या बागांत ग्रीनिंग रोग पसरवते, म्हणून फ्लोरिडा, टेक्ससकडून रोपं हलवण्यावर निर्बंध आहेत. भारतातून आणायचं तर नावच काढू नका. बी ताजं असेल तरच रुजतं. सुकलं की मेलं. म्हणून मिळालेलं एक रोप लोक वर्षानुवर्षं जपतात. आणि दर हिवाळ्यात त्याची पानं गळतात. मग घाबरून पाणी घालतात, खत घालतात, आणि ते मरतं. खरं तर थंडीत ते झोपलेलं असतं. अर्धी पानं गेली तर जाऊ द्यावीत, माती बोटभर खोल सुकेपर्यंत पाणी देऊ नये, खत मुळीच नाही. पानांच्या मागे चिकट लागलं तर खवले किडे असतात. साबणाच्या पाण्याने फडक्याने पुसायचे. मार्चमध्ये शेंड्याला लालसर कोंब दिसला की मग खाऊपिऊ घालावं. दर जानेवारीत मला जे फोन येतात त्यांतले निम्मे याच झाडासाठी असतात, आणि माझं उत्तर बहुतेक एकच: काही करू नका. हे सांगणं सगळ्यांत कठीण जातं. घरात अडकलेल्या माणसाला काहीतरी करायचंच असतं.

उन्हाची बदली करणाऱ्याला कडाक्याच्या थंडीचं काही करता येत नाही, फक्त अंतर ठेवता येतं. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसला तापमान उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं; टपालसुद्धा वाटलं गेलं नाही. अशा रात्री काचेला टेकलेलं पान सकाळी काळं पडलेलं असतं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या सगळ्या कुंड्या खोलीच्या मध्यभागी ओढल्या आणि पडद्यामागे गोधड्या लावल्या. भट्टी अखंड चालू राहिली की घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात आणि पानांच्या कडा करपतात. बरं, हवेत ओल वाढवावी तर तीच ओल काचेवर जाऊन गोठते. मधला मार्ग म्हणजे कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणं आणि घरातले धुतलेले कपडे त्यांच्याच खोलीत वाळत घालणं. त्या दिवसांत आमच्या बैठकीतून चालायला पायवाट तेवढी उरली होती.

हळदीची मी सगळ्यांत जास्त वाट बघते. मिनेसोटात हळद पिकत नाही. तिला आठ-नऊ महिने लागतात, आणि इथे पाल्याला धोका नसलेले महिने जेमतेम साडेचार. म्हणून तिचा हिवाळा आणि वसंत तळघरात काढायचा. ऑक्टोबरात पानं पिवळी पडली की कुंड्या आत, कोरड्या, अंधारात. फेब्रुवारीच्या शेवटी गड्डे बाहेर काढून डोळा असलेले तुकडे नव्या कुंडीत, खाली रोपांसाठी मिळणारी विजेची चटई. हळद उगवायला फार वेळ घेते. महिना उलटून जातो, वरून काही दिसत नाही, आणि उकरून बघायचा मोह होतो. मग एके दिवशी टोकदार कोंब वर येतो आणि लगेच पानाची गुंडाळी सुटते. मला हळकुंडांशी कर्तव्य नाही, पानांशी आहे. गौरी-गणपतीला पातोळ्या करायच्या तर हळदीचं पान हवंच; केळीच्या पानावर वाफवता येतात, पण त्यांना तो वास येत नाही. भाद्रपदात बाहेरच्या कुंड्यांमधली पानं हातभर लांब झालेली असतात, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी ओळखीतले लोक कात्री घेऊन येतात. कोकणात पहिल्या पावसाला टोचलेला गड्डा तोवर जेवढा वाढतो, तेवढीच माझी हळद वाढलेली असते. फरक इतकाच की ती आधीचे तीन महिने माझ्या वीजबिलावर जगलेली असते.

मार्चमध्ये मिरच्या-वांगी चटईवर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटो. मेच्या मध्यापर्यंत हिमाची भीती, त्यामुळे त्याआधी काही बाहेर लावत नाही. तोवर मांडणीवर जागा उरत नाही, जेवणाच्या टेबलावरही ट्रे येतात. जास्तीची रोपं मी वाटते. आणि ज्यांना माझ्याकडचं काही मिळालं नाही त्यांना सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात पाठवते. तिथले ह्मॉंग शेतकरी, १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्यांच्या पुढच्या पिढ्या, मिरची, कारली, गवती चहा यांची उत्तम रोपं विकायला आणतात. त्यांनी हे राज्य माझ्या आधी ओळखलं आहे.

रोप देताना मी एकच गोष्ट दोनदा सांगते. दिव्याखाली वाढलेल्या रोपाला खरं ऊन म्हणजे भाजणंच. माझ्या दिव्यांपेक्षा मेमधला सूर्य कैक पट प्रखर, आणि पंख्यापेक्षा प्रेअरीवरचा वारा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं करत आठवडा-दहा दिवसांनी पूर्ण बाहेर. त्यात पाऊस आला तर आत, वारा सुटला तर आत. हा आठवडा कुणालाच सहन होत नाही. इतके महिने कोंडून राहिलेले लोक पहिल्या उबदार शनिवारी रोपं अंगणात मांडतात आणि तळ्यावर निघून जातात.

मग रविवारी फोन येतो.

"मावशी, वांग्याची पानं पांढरी पडली. कागदासारखी. रोग आहे का?"

"रोग नाही. उन्हात किती वेळ ठेवलीस?"

"सकाळपासून… ऊन किती छान होतं काल!"

"आता सावलीत आण. भाजलेली पानं तशीच राहू दे, कापू नकोस. शेंडा हिरवा आहे ना? मग नवीन येतील. आणि हळदीची कुंडी कुठे आहे?"

"तीपण बाहेरच."

"ती आधी आत घे बाई. आज रात्री ४ अंश आहे."